आतून आलेलं, बाहेरून घडलेलं

एखादी गोष्ट आतून उपजली की बाहेरून आली, हा प्रश्न भूगोल, समाजशास्त्र आणि वैद्यक तिघंही विचारतात. मात्र 'आत'ची हद्द प्रत्येक जण वेगळी आखतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या मुलखात या तिन्ही हद्दी जवळजवळ सापडतात.

जमिनीच्या पोटातून

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या भेगांतून लाव्हा वर आला. काही शिलारस भेगांतच थिजला आणि त्याचे डाइक, म्हणजे भिंतीसारखे खडक, झाले. नंदुरबार-धुळे पट्ट्यात ते बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. ते घडले आतल्या उष्णतेने. दिसू लागले ते भोवतालचा खडक ऊनपावसाने झिजल्यावर.

माणसांतून

1922 च्या सुमारास दारू सोडायला सांगणारी देवीची चळवळ किनारपट्टीकडून दक्षिण गुजरात आणि खानदेशात पोचली. पुढे 1930 च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराज उभे राहिले. ते भिल्ल समाजातलेच होते. सामूहिक आरती, व्यसनमुक्ती, एकमेकांना 'आप' म्हणणं अशी त्यांची शिकवण. त्यांच्या मागे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. गुलाम महाराजांची चळवळ आतली खरी. पण सावकारी आणि दारूचे गुत्ते यांनी तिची गरज निर्माण केली होती.

रक्तातून

भिल्ल, पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल आजार जंतूंमुळे होत नाही, शिवल्याने पसरत नाही. तो आईवडिलांकडून येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढंच. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि अंग असह्य दुखतं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूतला बिघाड दाखवून दिला.

मग असा घातक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? उत्तर बाहेर आहे: मलेरियाच्या डासात. बदललेलं एकच जनुक असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून याला कुळाचा दोष म्हणणं निव्वळ अडाणीपणा.

वाहक सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 पासून सुरू आहे. सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या.