विंडोज ११ नंतर बॅकअप मंदावला? वायर ओढू नका, आधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि अनेक घरांतल्या संगणकांवर विंडोज ११ आले. तेव्हापासून आम्हा कोंढ्यातल्या शिक्षकांना पालक आणि मशीद कमिटीची मंडळी एकच गोष्ट विचारतात: जोहरनंतर लावलेला बॅकअप असरपर्यंत उरकायचा, तो आता इशा झाली तरी का चालतो?

प्रश्न किरकोळ नाही. ओबीसी दाखल्यासाठी लागणारे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे आजोबांच्या शाळेचे कागद, निकाहनामे, उमीद पोर्टलसाठी स्कॅन केलेली वक्फची कागदपत्रे, सगळे त्याच हार्ड डिस्कवर असते. कंटाळून मध्येच वायर ओढली, तर फाइली अर्धवट राहतात, कधी खराबही होतात.

कारणे बहुधा साधी असतात.

१. नवी विंडोज सुरुवातीला फाइलींची शोधसूची पुन्हा बनवते, अपडेट उतरवते. डिस्क त्यातच गुंतते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’चा आकडा बघा. तो सतत शंभर टक्क्यांजवळ असेल, तर एक-दोन दिवस संगणक चालू ठेवा, मग बॅकअप लावा.

२. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये पडून असते. पूर्ण संगणकाचा बॅकअप घेतला, तर तिचीही प्रत होते. साधारण दहा दिवसांनी ती आपोआप निघते.

३. आधी फक्त बदललेल्या फाइली जात होत्या. अपग्रेडनंतर काही प्रोग्राम सगळे पहिल्यापासून घेतात. हा उशीर एकदाच होतो.

४. वायर कुठे लावली ते बघा. यूएसबी २ मधून सेकंदाला जेमतेम ३०-३५ एमबी जातात, म्हणजे १०० जीबीला तासभर. हजारो छोटे फोटो असतील तर आणखी वेळ. निळ्या तोंडाचा पोर्ट बहुधा यूएसबी ३ चा, तो वापरा.

५. वनड्राइव्ह सुरू असेल, तर काही फाइली फक्त इंटरनेटवर असतात. बॅकअपच्या वेळी त्या आधी उतरवाव्या लागतात. मोबाइलच्या नेटवर हे रेंगाळणारच.

अँटीव्हायरस मात्र बंद करू नका.

बॅकअप संपला की चार-पाच फाइली उघडून बघा. त्या नीट उघडल्याशिवाय जुनी प्रत पुसू नका. एक प्रत नातेवाइकांच्या घरीही ठेवा. बापजाद्यांनी जपलेले कागद आपल्याकडे अमानत आहेत. त्यांच्यासाठी एक रात्र थांबणे महाग नाही.