तपकिरी काचेतलं एक मिलिलिटर

इमर्जन्सी ट्रेमधली औषधं सिस्टर मोजतात, तेव्हा त्यात तपकिरी काचेची एक छोटी कुपी असावीच लागते. ॲड्रेनालीन, एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. काच तपकिरी, कारण उजेड लागला की आतलं पाणी गुलाबी पडू लागतं. तसं दिसलं, तर कुपी टाकून द्यायची.

जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहायक केइझो उएनाका या दोघा जपान्यांनी १९०० साली अमेरिकेत जनावरांच्या मूत्रपिंडावरल्या ग्रंथींतून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात काढलं. पार्क-डेव्हिस कंपनीने ते बाजारात आणलं.

शेंगदाण्याची किंवा पेनिसिलिनची जबर ॲलर्जी आली, की रक्तवाहिन्या सैलावून झिरपू लागतात, बीपी कोसळतं, घसा सुजतो. अशा वेळी मोठ्या माणसाला अर्धी कुपी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत टोचतात. वाहिन्या आवळतात, श्वासनलिका मोकळ्या होतात. आधी ॲलर्जीवरचं ॲव्हिल देऊन वाट बघत बसण्याची आपल्याकडची सवय मला फार घातक वाटते. ॲव्हिलला कोसळलेलं बीपी उचलता येत नाही.

दातांच्या डॉक्टरकडे मात्र याच औषधाचं रूप अगदी सौम्य. लिग्नोकेनमध्ये ते ८०,००० भागांत एक भाग मिसळलेलं असतं. म्हणजे एका कुपीतून दोन-दोन मिलिलिटरच्या ४० सुया निघतील. सुई टोचली की हिरडी तिथल्या तिथे पांढरीफटक पडते. रक्त कमी येतं, आणि भुलीचं औषध वाहून न जाता जागच्या जागी टिकतं. ही जोडी जर्मन सर्जन हाइनरिश ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जमवली, तेव्हा सोबतीला कोकेन होतं. खुर्चीत क्षणभर छाती धडधडते, ती नेहमी भीतीनेच असं नाही.

कोकणात लाल विंचू चावला, की गोष्ट उलटी होते. विषामुळे शरीर स्वतःच ॲड्रेनालीनसारखी रसायनं भसाभस सोडतं. हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, वाहिन्या आवळलेल्या, हृदयावर ताण, फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी अशा रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. ती वाहिन्या सैल करणारी, बीपीची साधी गोळी.