गाडी सुरू होत नाही? आधी ठिणगीची तपासणी

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार सकाळी सुरू न होणे, हा अनेक वाहनधारकांचा अनुभव आहे. घाईने नवे सुटे भाग बसविण्यापेक्षा क्रमाने तपासणी केल्यास दोषाचे मूळ बहुधा घरच्या घरीच सापडू शकते.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. त्यासाठी बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब इग्निशन कॉइल हजारो व्होल्टपर्यंत वाढविते. या साखळीतील एकही दुवा निकामी झाला, तर इंजिन सुरू होत नाही किंवा धक्के देत चालते.

किल्ली फिरविल्यावर केवळ 'टक्‌टक्' आवाज येऊन दिवे मंद होत असतील, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या सैल, गंजलेल्या जोडांचा असतो. पूर्ण भारित बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दर्शविते.

स्टार्टर इंजिनास जोमाने फिरवीत असूनही गाडी सुरू होत नसेल, तर इंजिन थंड असताना प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असल्यास इंधन पोहोचत आहे, मात्र ठिणगी पडत नसावी, असे अनुमान निघते. प्लग कोरडा असल्यास इंधनपुरवठ्याकडे लक्ष द्यावे.

डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरलेला ओलावा आणि प्लगच्या तडकलेल्या वायरी ही ठिणगी न पडण्याची प्रमुख कारणे असत. टोपी कोरड्या कापडाने पुसताच अशी गाडी अनेकदा सुरू होते.

नंतरच्या अनेक गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. इंजिनाचा इशारादिवा लागल्यास ओबीडी उपकरणाने दोषसंकेत वाचता येतो. 'पी ०३०१' हा संकेत पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर दर्शवितो. अशा वेळी इंजिन बंद करून पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी आणि जुना संकेत पुसून गाडी पुन्हा चालवावी. आता 'पी ०३०२' दिसल्यास दोष कॉइलचाच असतो. संकेत न बदलल्यास त्याच पद्धतीने प्लग तपासावा. त्यामुळे चांगला भाग विनाकारण बदलण्याचा खर्च वाचतो.

मिसफायरकडे दुर्लक्ष करून गाडी चालवीत राहणे मात्र महागात पडू शकते. न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते. अतिउष्णतेमुळे हा महागडा भाग कायमचा निकामी होण्याची शक्यता असते.

प्लगची वायर हातात धरून ठिणगी पाहण्याची जुनी पद्धत टाळणेच इष्ट होय. तिच्यामुळे विजेचा तीव्र धक्का बसू शकतो, शिवाय इलेक्ट्रॉनिक नियंत्रकालाही हानी पोहोचू शकते. पेट्रोलचा वास येत असल्यास तपासणी तत्काळ थांबवून मेकॅनिकला पाचारण करावे.