मानसोपचाराची जागा : मुलाखत कोणी कोणाची घ्यायची?

एम.बी.बी.एस. झालेली मुलगी आता आपल्या वस्तीत नवलाची राहिलेली नाही. नाशिकरोडला प्रेसमध्ये, एस.टी.त, महापालिकेत राबलेल्या बापांची मुले डॉक्टर झाली. आता पुढचा प्रश्न घराघरात येतो. एम.डी. कशात करायचे? मुलगी ‘सायकियाट्री’ म्हणाली की आई कपाळाला हात लावते. “एवढं शिकून वेड्यांची डॉक्टर?”

आईची समजूत घालणे अवघड नाही. २०१५-१६ साली १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये किती, तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. आपल्या उत्तर महाराष्ट्रात त्यांतले एकही नाही. मधल्या मोकळ्या जागेत देवऋषी आणि अंगात येणाऱ्या बाया बसलेल्या आहेत. तेव्हा ‘वेड्यांची डॉक्टर’ ही आपल्या वस्तीची मोठीच गरज आहे.

पण हा लेख वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितो आहे. आपल्याकडे ही जागा मुलाखतीशिवाय मिळते. नीट-पीजीचे गुण, त्यावरून क्रमांक, मग ऑनलाइन पसंतीक्रम. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्याच्या, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडे. संगणक जागा देतो. विभागप्रमुख उमेदवाराला आधी पाहत नाहीत आणि उमेदवारानेही विभाग पाहिलेला नसतो. तीन वर्षे ज्यांच्या हाताखाली काढायची त्यांचे तोंड पहिल्या दिवशी दिसते.

अमेरिकेत असे नाही. तिथे मानसोपचाराचे प्रशिक्षण चार वर्षांचे आहे आणि मुलाखतीशिवाय कोणी आत जात नाही. साधारण ऑक्टोबर ते जानेवारी हा मुलाखतींचा हंगाम. पूर्वी उमेदवार पदरचे पैसे घालून गावोगाव फिरत. २०२० च्या कोरोनापासून बहुतेक मुलाखती पडद्यावर होतात. एकेका दिवशी तीन-चार प्राध्यापक अर्धा-अर्धा तास बोलतात. मानसोपचारच का, कठीण रुग्ण आला तेव्हा काय केले, स्वतःचा ताण कसा सांभाळता, असे प्रश्न असतात. लग्न, मूलबाळ, धर्म यांबद्दल विचारू नये असा तिथला दंडक आहे. मग दोन्ही बाजू आपापली पसंतीची यादी देतात आणि मार्चमध्ये संगणक जोड्या लावतो. ही पद्धत १९५२ पासूनची. या जोड्या लावण्यामागच्या गणितासाठी रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, म्हणजे प्रकरण किती गंभीरपणे घेतले जाते ते दिसते.

मला त्यातला एक भाग फार आवडला. मुलाखतीखेरीज उमेदवारांना तिथल्या शिकाऊ डॉक्टरांशी वेगळे बोलायला देतात, प्रमुखांच्या गैरहजेरीत. तिथून आलेली मुले जे सांगतात त्यात इमारत, पुस्तके, पगार हे नंतर येते. आधी येते ते असे, की तिथले ज्युनियर सीनियरसमोर मोकळे हसत होते का. रात्रपाळीबद्दल विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले का. रुग्णाचा उल्लेख नावाने होत होता की खाटेच्या नंबराने. उमेदवाराची छाप पडते तशी विभागाचीही पडते, आणि ती यादीत उतरते.

मग आपल्याकडेही मुलाखती सुरू कराव्यात का? माझे उत्तर स्पष्ट आहे : नको. तोंडी परीक्षेत आपल्या मुलांचे काय होते ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. लेखीला पहिला आणि तोंडीला तळाला, ही कहाणी कोणत्या घरात नाही? दिल्लीच्या एम्समधील भेदभाव तपासायला प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २००७ साली आला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीला सांगितले की तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत आडून किंवा थेट जात विचारली जाते. बंद खोलीतल्या चार माणसांपेक्षा संगणक बरा. निदान तो आडनाव वाचून भुवया उंचावत नाही.

परंतु संगणक दारापर्यंतच सोबत करतो. आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “रँक किती?” हा प्रश्न सरळ दिसतो, पण त्यातून कोटा आणि कोट्यातून जात काढली जाते, हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या, आदिवासी तडवी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आपले जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन सीनियर डॉक्टरांवर खटला भरला गेला. तेव्हा विभाग आतून कसा आहे हे आधी कळणे, हा आपल्यासाठी जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून जागेची मुलाखत आपणच घ्यायची. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने पसंतीक्रम भरण्याआधी तीन महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांत प्रत्यक्ष जाऊन पाहिले. पहिल्या ठिकाणी ओ.पी.डी.त गर्दी अफाट. डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहीत होते. “शिकवतं कोण?” असे तिने विचारले, तर एक ज्युनियर म्हणाला, “पेशंटच शिकवतात.” तो गमतीने बोलला, पण तिने ते वहीत लिहून घेतले. दुसरीकडे इमारत चकचकीत आणि वॉर्डात मोजके रुग्ण. तिथे बसून शिकायचे काय, हा तिचा प्रश्न. तिसरा विभाग जुना, भिंतींना ओल आलेली. पण एक मॅडम एका बाईशी बोलत होत्या. बाई सांगत होती, “डोक्यात मुंग्या येतात, जिवाची घालमेल होते.” मॅडमनी तिला मध्येच तोडले नाही. शेजारी उभ्या ज्युनियरला नंतर विचारले, “घालमेल म्हणजे तुला काय समजलं?” मुलीने तोच विभाग यादीत वर घातला.

मला ते पटले. या शाखेत तपासणीचे मुख्य हत्यार म्हणजे बोलणे. शेवटच्या परीक्षेतही रुग्णाशी बोलून त्याची हकीकत परीक्षकांपुढे मांडावी लागते. ‘बाहेरची बाधा’, ‘छातीत धडधड’, ‘कशात मन लागत नाही’ हे शब्द आपल्या मुलांनी लहानपणापासून ओट्यावर ऐकलेले आहेत. त्यांना ते कोशात शोधावे लागत नाहीत. इतर ठिकाणी ज्या बोलीची आपल्याला लाज वाटायला लावली, ती इथे कामाची आहे.

मी कारकून माणूस, औषधातले मला कळत नाही. पण विचारायचे काय ते कळते. महिन्यात रात्रपाळ्या किती? २०२३ च्या राष्ट्रीय नियमांत आठवड्याला एक सुट्टी आहे, ती खरोखर मिळते का? विद्यावेतन वेळेवर खात्यात जमा होते का? प्रबंधाचे मार्गदर्शक नीट वेळ देतात का? मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार समाजसेवक यांची पदे भरलेली आहेत का? व्यसनाच्या रुग्णांचा वॉर्ड आहे का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देण्यास बंदी आहे. तिथे झटके कसे देतात, हे विचारताना समोरच्याचा चेहराही पाहावा. आणि आपल्या समाजाचे कोणी आधी तिथे शिकले असेल तर त्याला जरूर गाठावे. तक्रार कुठे केली आणि पुढे काय झाले, हे तोच सांगू शकेल.

कागदांचे मात्र वेळेत पाहा. जात पडताळणी प्रमाणपत्र हाताशी असू द्या. अखिल भारतीय कोट्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तो आधीच काढून ठेवा. निकालानंतर तहसीलला धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी पाहतो. शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम जाते. म्हणून न पाहिलेल्या विभागाचे नाव ‘असू दे’ म्हणून यादीत टाकू नये.

विभाग पाहायला जायचे तर ओ.पी.डी.च्या दिवशी, दुपारी उशिरा जावे. गर्दी ओसरलेली असते, ज्युनियर डॉक्टरांच्या पोटात दोन घास गेलेले असतात आणि ते बोलतात. बापाने सोबत जायला हरकत नाही, पण बाहेर बाकड्यावर बसावे. साहेबांपुढे हात जोडून “आमच्या पोरीला सांभाळा” म्हणू नये. जागा तिने स्वतःच्या गुणांवर मिळवलेली असते, आणि तिला आत बरेच काही विचारायचे असते.