साध्या मजकुरातील कार्यनियोजन : ऑर्ग-मोडमधील दोषशोधन

खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ईमॅक्स या मुक्तस्रोत संपादकासाठी 'ऑर्ग-मोड' ही टिपणे व कार्यनियोजनाची प्रणाली विकसित केली. तिच्या नोंदी साध्या मजकुरात असल्याने कोणत्याही संपादकात वाचता येतात. मात्र तारखेची खूण चुकल्यास ती नोंद कोणतीही सूचना न मिळता दैनंदिन कार्यसूचीतून वगळली जाते.

देवनागरी अंकांतील तारीख ही प्रणाली ओळखत नाही. परिणामी मराठीत नोंदविलेले परीक्षेचे काम नजरेआड होऊ शकते. म्हणून मजकूर मराठीत असला, तरी तारखेचे अंक इंग्रजीच असावेत. चौकोनी कंसातील तारीखही कार्यसूचीत येत नाही. तेथे कोनी कंस आवश्यक असतो.

नोंद न दिसल्यास प्रथम ती फाइल कार्यसूचीच्या यादीत आहे का, ते पाहावे. त्यानंतर अंक व कंस तपासावेत आणि शेवटी 'ऑर्ग-लिंट' या आज्ञेने रचनादोष शोधावेत. साध्या मजकुरातील दोष डोळ्यांना दिसतो, हेच या पद्धतीचे बलस्थान होय.