वर्गव्यवस्थापन

वर्गातील जागा, वेळ, साहित्य व विद्यार्थ्यांचे परस्परसंबंध यांची अध्ययनाला पोषक अशी मांडणी करण्याच्या शिक्षकाच्या कार्यास वर्गव्यवस्थापन म्हणतात. शिस्त हे त्याचे एक फलित होय. केवळ शांतता राखणे म्हणजे वर्गव्यवस्थापन नव्हे. शिक्षककेंद्री अध्यापनात एका वेळी एकच व्यक्ती बोलत असल्याने व्यवस्था सोपी असते. विद्यार्थिकेंद्री पद्धतीत मुले गटागटाने बोलतात, हालचाल करतात व वस्तू हाताळतात. म्हणून तीत पूर्वनियोजनाची गरज अधिक असते.

पूर्वपीठिका : विदर्भात या विचाराला जुनी परंपरा आहे. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाची योजना मांडली व झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला [→ मूलोद्योग शिक्षण]. कोकणात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी कार्य केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चालविलेली कुरणशाळा हे शाळेची वेळ व जागा मुलांच्या जीवनक्रमाप्रमाणे बदलण्याचे उल्लेखनीय उदाहरण होय.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती : या जिल्ह्यात कोलामांचे पोड, बंजारांचे तांडे व लहान खेडी यांतील शाळांची पटसंख्या कमी असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यानुसार प्राथमिक स्तरावर साठपर्यंत विद्यार्थ्यांना दोन शिक्षक असतात. साहजिकच एका शिक्षकाला एकाच खोलीत दोन किंवा अधिक इयत्ता सांभाळाव्या लागतात. अशा वेळी प्रत्येक इयत्तेला आळीपाळीने पाठ दिल्यास उरलेली मुले रिकामी बसतात आणि बेशिस्त बहुधा तेथूनच सुरू होते.

यावर एकच विषय निरनिराळ्या पातळ्यांवर योजणे हा उपाय आहे. उदा., कापूस हा विषय घेतल्यास पहिलीची मुले सरकीचे दाणे मोजून दहा-दहांचे गट करतात. दुसरीची मुले त्याच गटांवरून बेरीज-वजाबाकी करतात. तिसरी-चौथीची मुले वेचलेल्या कापसाचे वजन व मजुरी यांचा हिशेब मांडतात. शिक्षक प्रथम सर्वांशी मिळून बोलतो, नंतर ज्या गटाला नवीन भाग शिकवायचा त्याच्याजवळ बसतो व अखेरीस प्रत्येक गटाकडून काम ऐकून घेतो. काम संपविणाऱ्या मुलाने पुढे काय करावे, साहित्य कोठून घ्यावे व कोठे ठेवावे, हे आधीच ठरलेले असले म्हणजे शिक्षकाला वारंवार ओरडावे लागत नाही.

कापूस वेचणीच्या हंगामात आणि कुटुंबे कामासाठी स्थलांतरित झाल्यावर मुलांची उपस्थिती खंडित होते. संपूर्ण वर्ग एकाच गतीने पुढे गेल्यास परतलेले मूल मागे पडते व हळूहळू शाळा सोडते. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने विकसित केलेल्या श्रेणीबद्ध कार्डांच्या पद्धतीत मूल जेथे थांबले तेथून पुन्हा आरंभ करू शकते. अशा शाळांना हे तत्त्व विशेष उपयुक्त आहे.

भाषेचा प्रश्न : कोलामांची कोलामी ही द्राविडी भाषा असून शाळेचे माध्यम मराठी असते [→ कोलाम]. कोलामीत एकवचनात पुरुषवाचक नामे एका वर्गात व अन्य सर्व नामे दुसऱ्या वर्गात येतात. मराठीत तीन लिंगे आहेत. त्यामुळे मराठी बोलताना कोलाम मुलाची लिंगाविषयी होणारी चूक ही मंदबुद्धीची खूण नसून मातृभाषेच्या व्याकरणाचा परिणाम असू शकतो. सूचना न कळल्याने गप्प राहिलेले मूल पुष्कळदा शिस्तप्रिय किंवा आळशी समजले जाते. हे टाळण्यासाठी सूचना कृतीने दाखविणे, दोन्ही भाषांतील शब्दांचे तक्ते करणे व कोलामी जाणणाऱ्या मोठ्या मुलाला गटात बसविणे हे उपाय योजता येतात. मात्र त्या मुलाचे स्वतःचे शिकणे त्यापायी थांबता कामा नये.

मर्यादा : उपर्युक्त अधिनियमाने कृती व शोध यांद्वारे बालककेंद्री शिक्षण देण्यास आणि शक्य तेथवर मातृभाषेचा वापर करण्यास मान्यता दिली असून शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तथापि केवळ रंगविलेल्या भिंती, भरपूर साहित्य किंवा गटांत बसलेली मुले म्हणजे विद्यार्थिकेंद्री शिक्षण नव्हे. गटातील एकच हुशार मूल सर्व काम करीत असेल, तर बाकीची मुले पूर्वीप्रमाणेच श्रोते राहतात. म्हणून दिवसाअखेर कोण बोलले व कोण बोलले नाही याची नोंद ठेवणे आणि दुसऱ्या दिवसाचे नियोजन त्या न बोललेल्या मुलांपासून सुरू करणे, हे वर्गव्यवस्थापनाचे महत्त्वाचे अंग मानले पाहिजे.