अनेक हातांचे संमेलन

मराठीत दोन म्हणी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत. ‘गाव करी ते राव न करी’ असे पहिली म्हण सांगते. एकट्या राजाला जे साधत नाही ते सारा गाव मिळून साधतो, हा तिचा भाव. दुसरी म्हण सांगते, ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती?’ ज्या शेताचे धनी बारा, त्याच्या नांगरणीला एकही वेळेवर येत नाही, आणि सुगीच्या दिवसांत साऱ्यांच्याच पदरी निराशा पडते. ह्या दोन्ही म्हणी लोकांच्या अनुभवातूनच निपजल्या आहेत. मग अनेकांनी मिळून हाती घेतलेले काम केव्हा तडीस जाते आणि केव्हा फसते? ह्या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या काळातील एका उपक्रमाच्या तयारीत चांगले पाहावयास मिळते. तो उपक्रम म्हणजे ‘वर्डकॅम्प’ हे संमेलन होय.

संगणकाने कोणते काम कसे करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात. संकेतस्थळे तयार करण्यासाठी वापरले जाणारे ‘वर्डप्रेस’ हे असेच एक सॉफ्टवेअर आहे. त्याचा जन्मच सहकार्यातून झाला. मिशेल वाल्द्रिगी ह्यांनी रचलेले ‘बी-टू’ नावाचे एक सॉफ्टवेअर पूर्वी प्रचारात होते. परंतु पुढे त्याची सुधारणा थांबली. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी राहणारा मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा तरुण ते वापरीत असे. थांबलेले काम आपण पुढे न्यावे, अशी इच्छा त्याने २००३ च्या जानेवारीत प्रकट केली. इंग्लंडातील माइक लिटल ह्यांनी त्यास साहाय्य देऊ केले. त्या दोघांच्या उद्योगातून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. आज जगातील शंभर संकेतस्थळांपैकी चाळिसांहून अधिक संकेतस्थळे त्याच्या आधाराने चालतात.

ह्या सॉफ्टवेअरचा परवाना मोठा उदार आहे. ते कोणीही घ्यावे, त्याची अंतर्गत रचना पाहावी, तीत सुधारणा करावी आणि सुधारलेले रूप त्याच अटींवर इतरांस द्यावे, अशी त्यात मुभा आहे. त्यामुळे देशोदेशींचे हजारो लोक त्याच्या कामात सहभागी झाले. कोणी नवी साधने रचतो, कोणी चुका शोधतो, कोणी नवशिक्यांना शिकवितो, तर कोणी त्यातील शब्दांचे आपल्या भाषेत भाषांतर करतो. मराठी भाषांतरही स्वयंसेवकांनीच केले आहे. ही माणसे दूरदूर राहतात आणि बहुधा एकमेकांस केवळ नावाने ओळखतात. त्यांनी कधीतरी एकत्र यावे, जाणत्यांनी आपले ज्ञान सांगावे व नव्यांनी शंका विचाराव्यात, ह्या गरजेतून संमेलनाची कल्पना निघाली. ५ ऑगस्ट २००६ रोजी सान फ्रान्सिस्को येथे पहिला वर्डकॅम्प भरला. तो एकच दिवस चालला. तरी पाचशेहून अधिक लोक त्यास उपस्थित होते. २००७ साली चीनमधील बीजिंग शहरी असे संमेलन झाले, आणि त्यानंतर ही प्रथा सर्वत्र पसरली. साठाहून अधिक देशांत मिळून आजवर एक हजारांहून अधिक वर्डकॅम्प झाले आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूर येथील लोकांनीही ते भरविले आहेत.

वर्डकॅम्प बहुधा एखाद्या शहराच्या नावाने भरतो व त्या शहरातील लोकच तो उभा करतात. संयोजकांना वेतन मिळत नाही आणि वक्त्यांना मानधन मिळत नाही. ह्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून मध्यवर्ती संघटनेची संमती मात्र घ्यावी लागते. ही संमती देताना एक गोष्ट प्रथम पाहिली जाते. त्या गावात वर्डप्रेसप्रेमींच्या लहान सभा नियमितपणे भरत आहेत काय? संमेलनाची तयारी सभागृह शोधण्यापासून सुरू होत नाही. ती माणसे जोडण्यापासून सुरू होते. महिन्याच्या महिन्याला वीस-पंचवीस माणसे एकत्र बसली, की कोण वेळेवर येतो, कोणाचा शब्द पक्का असतो, कोणास हिशेबाची आवड आहे, कोणास विषय सोपा करून सांगता येतो, हे सर्वांस कळून येते. मोठ्या कामासाठी लागणारा विश्वास अशा लहान बैठकींतच तयार होतो.

पुढची पायरी कामाच्या वाटणीची. नोकरास मालक आज्ञा करू शकतो. स्वयंसेवकास मात्र कोणी आज्ञा करू शकत नाही. तो आपली नोकरी वा शिक्षण सांभाळून उरलेला वेळ देत असतो. म्हणून ‘सर्वांनी सर्व कामे करावी’ असा मोघम ठराव येथे उपयोगी पडत नाही. सभागृह, जमाखर्च, वक्ते, प्रायोजक, नोंदणी, भोजन, प्रसिद्धी आणि स्वयंसेवकांची योजना अशी कामाची वेगवेगळी खाती पाडावी लागतात. प्रत्येक खात्यापुढे एकाच व्यक्तीचे नाव व पूर्ततेची तारीख लिहावी लागते. ज्या कामापुढे चार नावे असतात, ते दुसरा करील अशा समजुतीने पडून राहते. प्रत्येक प्रमुखास एक जोडीदारही द्यावा लागतो. कारण परीक्षा, आजारपण किंवा नोकरीतील बदली कोणास विचारून येत नाही. अंगीकारलेले काम आपल्याच्याने होत नाही असे दिसताच तसे लवकर सांगणे, हा स्वयंसेवकाचा मोठा गुण होय. संकोचाने गप्प बसणारा माणूस मनाने कितीही चांगला असला, तरी त्याच्या मौनाने साऱ्यांचे नुकसान होते.

तारीख आणि सभागृह ह्यांची निवड एकत्रच करावी लागते. परीक्षांचे दिवस, मोठे सण आणि मुसळधार पावसाचे दिवस टाळले पाहिजेत. सभागृह रेल्वे किंवा बस स्थानकापासून फार दूर नसावे; चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यास आत जाता यावे; पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे पुरेशी असावीत; आणि शेवटच्या रांगेतील श्रोत्यालाही शब्द स्पष्ट ऐकू यावा. ह्या गोष्टी कागदावर वाचून समजत नाहीत. संयोजकांनी प्रत्यक्ष जाऊन, शेवटच्या खुर्चीवर बसून पाहावे लागते.

सर्वांत अधिक दक्षता पैशाच्या बाबतीत लागते. उदाहरणादाखल २०० श्रोत्यांच्या एका संमेलनाचे अंदाजपत्रक मांडून पाहू. समजा, सभागृहाचे भाडे ६०,००० रुपये व यंत्रसामग्रीचा खर्च २०,००० रुपये आहे. श्रोते किती येतात ह्यावर हा खर्च अवलंबून नाही. भोजन, चहा व इतर साहित्य ह्यांसाठी दर माणशी ६०० रुपये धरले, तर त्याचे १,२०,००० रुपये होतात. एकूण खर्च २,००,००० रुपये झाला. विद्यार्थ्यांनाही परवडावे म्हणून प्रवेशशुल्क ४०० रुपये ठेवले, तर ८०,००० रुपये जमतील आणि उरलेले १,२०,००० रुपये प्रायोजकांकडून मिळवावे लागतील. आता समजा, नोंदणी १५० जणांचीच झाली. शुल्काचे ६०,००० व प्रायोजकांचे १,२०,००० मिळून जमा १,८०,००० रुपये होईल. भोजन आधीच २०० जणांचे सांगून ठेवले असेल, तर २०,००० रुपयांची तूट येईल. पण नोंदणीप्रमुखाने खरा आकडा वेळेवर कळविला आणि भोजनप्रमुखाने १५० पानेच सांगितली, तर खर्च १,७०,००० रुपयांवर येईल व १०,००० रुपये शिल्लक पडतील. तूट आणि शिल्लक ह्यांमधील हे ३०,००० रुपयांचे अंतर दोन माणसांच्या वेळेवर झालेल्या एका बोलण्यावर अवलंबून असते.

प्रायोजकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्यांच्या साहाय्यावाचून शुल्क कमी ठेवता येत नाही. परंतु पैसे दिले म्हणून व्यासपीठ त्यांच्या हाती द्यावयाचे नाही, असा वर्डकॅम्पचा कटाक्ष असतो. प्रायोजकाचे नाव फलकावर झळकते, त्याचे जाहीर आभार मानले जातात, त्यास माहितीसाठी मेज मांडता येते. पण व्याख्यानाची वेळ विकत घेता येत नाही. श्रोता व्याख्यान ऐकावयास आला असता त्याच्या पुढ्यात जाहिरात वाढली गेली, तर त्याचा विश्वास उडेल. आणि उडालेला विश्वास कोणत्याही देणगीने परत येत नाही.

म्हणून वक्त्यांची निवड मोकळेपणाने करतात. जाहीर आवाहन करून विषय मागवितात आणि आलेल्या प्रस्तावांचा विचार समितीने एकत्र बसून करावयाचा असतो. नामांकित वक्त्यांबरोबर प्रथमच बोलणाऱ्यांनाही संधी मिळावी, स्त्रियांचा सहभाग वाढावा आणि स्थानिक भाषेलाही स्थान मिळावे, हे पाहावे लागते. नवख्या वक्त्याचे भाषण आधी ऐकून त्यास आपुलकीने सूचना कराव्या लागतात. कोणाचा अपमान वा छळ होऊ नये म्हणून वर्तनाचे नियम आगाऊ प्रसिद्ध करतात, आणि तक्रार कोणाकडे करावयाची हेही सांगून ठेवतात. पुष्कळ ठिकाणी व्याख्यानांच्या जोडीला योगदानाचा वेगळा दिवस असतो. त्या दिवशी अनुभवी आणि नवशिके एका मेजाभोवती बसून भाषांतर, चूकशोधन यांसारखी कामे प्रत्यक्ष करतात. सकाळी केवळ पाहुणा म्हणून आलेला विद्यार्थी सायंकाळी त्या कार्यातील सहकारी होऊन परततो.

संमेलनाच्या दिवशी संयोजकांचे काम दिसू नये, हेच त्यांचे यश असते. श्रोते येण्यापूर्वी नोंदणीचे मेज मांडलेले असते, ध्वनिक्षेपक तपासलेला असतो आणि दिशादर्शक पाट्या जागच्या जागी असतात. व्याख्यान संपावयास पाच मिनिटे उरली, की पहिल्या रांगेतील स्वयंसेवक वक्त्यास पाटी दाखवितो. एका व्याख्यानास दहा मिनिटे उशीर झाला, तर पुढच्या साऱ्यांना उशीर होतो आणि भोजनही निवते. ही पाटी धरणाऱ्याचे नाव कोणास आठवत नाही. तरी सबंध दिवसाची शिस्त त्याने सांभाळलेली असते.

एवढे करूनही काही गोष्टी माणसाच्या हाती नसतात. आशिया खंडातील अनेक देशांतील स्वयंसेवकांनी मिळून ‘वर्डकॅम्प एशिया’ हे मोठे संमेलन बँकॉक येथे योजिले होते. २१ फेब्रुवारी २०२० ही त्याच्या प्रारंभाची तारीख होती. बरीच तयारी पूर्ण झाली होती. तोच कोविडच्या साथीची भीती पसरू लागली, आणि अवघे नऊ दिवस उरले असता, १२ फेब्रुवारीस संमेलन रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. दीर्घ परिश्रमांचा असा शेवट पाहताना संयोजकांस काय वाटले असेल, ह्याची कल्पना सहज करता येईल. परंतु त्या वेळी कर्तव्य निराळे होते. निर्णयाची वार्ता सर्वांस स्पष्टपणे द्यावयाची होती आणि प्रवेशपत्रांचे पैसे परत करावयाचे होते. ती कर्तव्ये पार पडली. पुढे तीन वर्षांनी, २०२३ च्या फेब्रुवारीत, त्याच बँकॉक शहरी ते संमेलन भरले आणि सुमारे १,३०० लोक एकत्र आले. पडत्या काळात विश्वास राखला होता, म्हणून पुन्हा हाक घालताच माणसे धावून आली.

पाहुणे गेले, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी संमेलन संपत नाही. देणी चुकवावी लागतात, जमाखर्च पुरा करून कळवावा लागतो, आणि पैसा उरला तर तो कोणा एकाचा न होता अशाच पुढील कार्याकडे जातो. व्याख्यानांच्या चित्रफिती सर्वांस पाहण्यासाठी खुल्या करतात. त्यामुळे येऊ न शकलेल्यांनाही लाभ मिळतो. काय चुकले व काय साधले ह्याचे टिपण पुढील संयोजकांसाठी लिहून ठेवतात. प्रमुख संयोजकाने साधारणतः दोन वर्षांनंतर आपली जागा दुसऱ्यास द्यावी, असाही संकेत आहे. ज्यास काम उत्तम जमते त्यानेच ते का सोडावे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु एकाच खांबावर उभारलेला मांडव तो खांब मोडताच कोसळतो. नव्या माणसास शिकवून, त्याच्या हाती किल्ल्या देऊन बाजूला होणे, हीदेखील एक सेवाच आहे.

आता त्या दोन म्हणींचा विरोध उरत नाही. शेत बारा जणांचे असूनही नांगर, बियाणे, पाणी आणि राखण ह्यांपैकी एकही काम कोणी आपले म्हणून अंगावर घेत नाही, तेथे बारभाईंची शेती होते. ज्या गावात प्रत्येक जण आपला लहानसा वाटा ओळखतो, तो वेळेवर पार पाडतो आणि हिशेब सर्वांसमोर उघडा ठेवतो, त्या गावाला रावाची वाट पाहावी लागत नाही.